चाकांचं फडकं

बाबा : आणि हा झाडू कुणासाठी आणलास?

लेक : झाडू नाही हो बाबा, ब्रश आहे. गाडी धुवायचा. दांडा लांब आहे, टपापर्यंत पोचतो.

बाबा : बघू, हात लावू दे. अगं, याने न्हाणीघर घास! गाडीच्या, आपल्या निळीच्या अंगाला हा लागला तर सालपटं निघतील तिची.

लेक : दुकानदार म्हणाला, एकदम मऊ आहे.

बाबा : विकणाऱ्याला सगळंच मऊ असतं. स्वतःच्या गालावर फिरव. फिरव, फिरव, लाजतेस काय?

लेक : आई गं!

बाबा : झालं. गालाला जे टोचतं ते रंगालाही टोचतं. ठेव बाजूला. पिशवीत अजून काय आहे?

लेक : स्पंज.

बाबा : पिवळा, भोकाभोकांचा?

लेक : तुम्हाला दिसला?

बाबा : दिसायला कशाला हवा? नवशिके सगळे तोच आणतात. त्या भोकात वाळूचा एक कण शिरला की निघायचं नाव घेत नाही. मग तू तो कण घेऊन अख्ख्या गाडीवर गिरगटत बसणार.

लेक : माझ्यासाठी मुलगा बघताना तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती.

बाबा : त्याला काही निळीच्या अंगावर फिरवायचं नव्हतं.

आई : अहो, चहा खिडकीत ठेवलाय, निवतोय. आणि पोरीला मोकळी करा. ती गाडी न्यायला आलीय, परीक्षेला बसायला नाही.

बाबा : परीक्षाच आहे ही. पास झाली तर किल्ली, नाहीतर निळी इथेच राहील.

आई : राहून काय करील? डॉक्टरांनी तुम्हाला साफ सांगितलंय, आता चाक हातात धरायचं नाही. समोर माणूस आहे की खांब, ते कळत नाही तुम्हाला.

बाबा : हलला नाही तर खांब. तेवढं कळतं.

आई : ऐकलंस? हे असं चाललंय बघ दिवसभर.

लेक : आई, थांब गं. बाबा, अजून एक वस्तू आहे. हात पुढे करा. हां, घाला आत.

बाबा : हे काय? मोजा?

लेक : धुवायचा हातमोजा. बाहेरून सगळी मऊ लव आहे. कण आला तरी लवेत आत जातो, रंगावर घासत नाही. बादलीत खळबळला की सुटतो.

बाबा : अरे वा! मांजराचं पोट जसं. हे कुणी सुचवलं?

लेक : कुणी नाही. मीच शोधलं. तुमचा स्वभाव काय मला माहीत नाही? आणि बादल्या दोन आणल्यात. एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची. तळाशी जाळी, म्हणजे माती खाली बसते, परत वर येत नाही.

बाबा : मग हा झाडू नि तो स्पंज काय माझी करमणूक करायला आणलास?

लेक : तुम्ही ओरडता की नाही ते बघायचं होतं. बऱ्याच दिवसांत ओरडला नव्हतात.

बाबा : लबाड! आईवर गेलीस.

आई : चांगलं ते माझ्यावरच गेलंय.

बाबा : बरं, साबण? कपड्यांचा नाही ना? त्याने रंगाची चमक पार धुऊन जाते.

लेक : गाडीचा शॅम्पू आहे. आधी नुसत्या पाण्याने धूळ उडवायची, मग वरून खाली यायचं, हात सरळ चालवायचा, गोल गोल नाही. गाडी सावलीत. पाठ आहे मला सगळं. लहानपणी दर सुट्टीच्या सकाळी तुम्ही हेच बडबडायचात, आणि मी खाली बसून चाकं धूत ऐकायचे.

बाबा : काय चाकं धुवायचीस गं! बोटं घालून घालून. निम्मा चिखल तुझ्याच नाकावर.

लेक : कारण मला तेवढंच मिळायचं! किती भोकाड पसरलं होतं मी, मला बॉनेट द्या म्हणून.

बाबा : पाय आपटत होतीस. शेजारचे बाहेर येऊन बघत होते.

लेक : आणि तुम्ही दर वेळी एकच म्हणायचात, "मोठी झालीस की देईन." मोठी झाले, माझं लग्न झालं, माझी पोरगी आता पाय आपटते. बॉनेट काही मिळालं नाही.

बाबा : बॉनेट म्हणजे गाडीचा चेहरा. कुणाच्याही हातात देत नाहीत तो.

आई : माझ्याही नाही दिला. मी आपली काचा पुसायची धनी.

बाबा : जा, आतून फडकी घेऊन ये. डब्यात आहेत. पिवळ्या काठाचं अंगाला, लाल काठाचं चाकांना. विसरली नाहीस ना?

लेक : विसरते कशी? माझ्याच दुपट्याचे दोन तुकडे ते. गाडी आली तेव्हा मी पाळण्यात होते, आणि तुम्ही माझ्या अंगावरचं पांघरूण काढून हिचं अंग पुसलंत!

बाबा : तेवढं मऊ कापड घरात दुसरं नव्हतं. आणि तुझ्या आईने विचारल्यावर मी सांगितलं, पोरगी वाढेल, दुपटं पुरायचं नाही.

आई : चल गं, डबा उंचावर आहे. मी देते काढून.

(दोघी स्वयंपाकघरात येतात. आई दार ओढून घेते आणि हळू बोलते.)

आई : ऐक. ते आता तुला विचारतील, बॉनेटवर रेघ दिसते का म्हणून. नाही म्हण.

लेक : का? दिसते?

आई : रेघ कसली, कोळ्याचं जाळं झालंय. आल्याआल्या तुझं लक्ष गेलं नाही का?

लेक : धुळीने माखलीय गं. कुणी केलं?

आई : कोण करणार? त्यांनीच. त्यांना आता काठाचा रंग ओळखू येत नाही. एके दिवशी खिडकीतून बघते तर लाल काठाचं, चाकांचं फडकं घेऊन बॉनेट पुसताहेत. तेही गाणं गुणगुणत. चाकांची सगळी कच त्यात.

लेक : अरे देवा. मग तू ओरडली नाहीस?

आई : अर्धं पुसून झालं होतं. आणि तो आनंद बघून माझा आवाजच फुटला नाही. आयुष्यभर त्या गाडीवर ओरखडा येऊ दिला नाही माणसाने. बॉनेटला कुणाला बोट लावू दिलं नाही. त्यांना कसं सांगू, तुम्हीच केलंत म्हणून? जीव जाईल त्यांचा.

लेक : रडू नकोस. मी नाही सांगत.

आई : हे घे. पिवळं आणि लाल. जा आता, नाहीतर हाका मारतील.

(दोघी परत बाहेर गाडीपाशी येतात.)

बाबा : डबा शोधत होतात की डबा बनवत होतात?

लेक : आले, आले. बाबा, पाणी मारते हं आधी. धूळ जाऊ दे.

बाबा : मार. वरून. हां, असं. आवाजावरून कळतंय, नीट मारतेस. थांब. आता वाक, आणि तिरकं उजेडात बघून मला खरं सांग. बॉनेटवर रेघा आहेत?

लेक : नाही.

बाबा : एकही?

लेक : एकही नाही, बाबा. आरसा आहे नुसता. माझं तोंड दिसतंय.

बाबा : किती वाईट खोटं बोलतेस गं तू. यात मात्र आईवर गेली नाहीस.

लेक : बाबा...

बाबा : त्या लाल फडक्याचा कोपरा चाचप.

लेक : गाठ आहे.

बाबा : माझ्या हाताला लागली एकदा. म्हटलं, ही कुठून आली? तुझी आई उगाच गाठ मारत नाही कशाला; चाकांचं फडकं मला हाताने ओळखू यावं म्हणूनच. मग बसलो विचार करत. आदल्या खेपेला हातात चुकीचंच फडकं होतं, हे उमगलं. बॉनेटवर नख फिरवलं, तर अडकलं.

आई : अहो! मग बोलला का नाहीत मला?

बाबा : तू बोललीस?

आई : तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...

बाबा : मला तुला वाईट वाटेल म्हणून. बसलो दोघंही गप्प.

लेक : बाबा, त्या रेघा निघतात. हलक्या हाताने घासून देणारी माणसं असतात. मी करून घेईन, अगदी नवी करून घेईन.

बाबा : करून घे किंवा राहू दे, तुझी तू बघ. डॉक्टर काय, म्हणतच असतात. मी त्यांचं कधी ऐकलंय? गाठ लागली त्याच दिवशी ठरवलं, आता पोरीला बोलवायचं. ही घे किल्ली.

लेक : परीक्षा?

बाबा : हातमोज्यावरच पास झालीस. घाल तो हातात. बॉनेट तू धू आज.

लेक : आणि तुम्ही?

बाबा : मला खाली बसायला हात दे जरा. चाकं मी घेतो. आण इकडे ते गाठीचं फडकं.