म्हैस आत, मशीन बंद

मेकॅनिक लोकांवर माझा विश्वास का नाही, ते सांगते. दसऱ्यानंतर गोठ्याच्या दारावर बाभूळ आडवी पडली. म्हैस आत अडकली आणि धारेची वेळ टळून गेली. झाडं कापायचं आमचं जुनं मशीन चालू व्हायचं, पण वेग दिला की मरायचं. गावातला मेकॅनिक आला, दोन स्क्रू वाटेल तसे पिळले आणि म्हणाला, "आजी, कार्बोरेटर गेला. आता नवीन मशीन घ्या."

"व्हय का? उघडून बघितलास?"

"उघडायला कशाला पायजे? आवाजावरनं कळतंय की."

त्याला वाटेला लावला आणि मीच उघडलं. मला कुणी शिकवलेलं नाही, उघडून बघतच शिकले. फिल्टरच्या मागे, कार्बोरेटरच्या तोंडात हळदीकुंकवाचा चिखल! पेट्रोलने धुतला, सायकलच्या पंपाने हवा मारली. दोन्ही स्क्रू अलगद बंद करून दीड-दीड फेरा मागे घेतले, मग आवाज ऐकत केसभर इकडे-तिकडे. मशीन असं गरजलं की आतून म्हैस ओरडली.

बाभूळ कापली, म्हैस सुटली. मग सुनेला जोरात विचारलं, "खंडेनवमीला मशीनच्या नरड्यात हळदीकुंकू कुठल्या शहाण्यानं घातलं गं?"

धार काढता काढता सून म्हणाली, "आत्या, पूजा तुमीच केली की. 'देवाला टोपीवरनं कुंकू लावतात व्हय?' म्हणून झाकण अन् फिल्टर बी तुमीच काढलं."

"तरीच," मी म्हणाले, "दुसऱ्या कुणी पूजा केली असती, तर चालूबी झालं नसतं."