दार हातभर उघडं

हालिमाखाला : मुनीसा, निखाऱ्यांची शेगडी आत ठेवतेस, तर गोदामाचं दार हातभर उघडं ठेव गं.

मुनीसा : मग शेगडी ठेवायची कशाला, खाला? नवरोजपासून नुसती झिमझिम चाललीय. हिवाळाभर गारठलेली पोती ही. बाहेरची उबट, ओली हवा आत शिरली की त्यांच्यावर दव धरतं. काल हात लावला, तर जर्दाळू चिकट लागत होते.

हालिमाखाला : माझी चुलतसासू अशीच दार लावून शेकत बसली होती. उठलीच नाही.

मुनीसा : तिची खोली एवढीशी असेल. हे गोदाम आहे. सगळ्या गल्लीतल्या बायांचा वर्षाचा माल आहे इथे. बुरशी धरली, तर खुजंदचा व्यापारी ढुंकून बघणार नाही.

हालिमाखाला : आणि पोराला कुठे ठेवणार?

मुनीसा : दिलोवर माझ्याजवळच राहील. घरी ठेवलं की माझा जीव थाऱ्यावर नसतो. नुसता शिंकला तरी धस्स होतं मला.

हालिमाखाला : शिंकेला घाबरतेस आणि निखाऱ्याला नाही! कॉलेजात हेच शिकवलं का?

मुनीसा : तुम्ही नवरोजची ती सुमनकची खीर ढवळायला जा बघू. मोडाचे गहू तळाशी लागले, तर माझ्या नावानं खडे फोडाल.

(दुसऱ्या दिवशी. दवाखान्याचं अंगण. दिलोवर मुनीसाच्या मांडीवर.)

मुनीसा : डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. दूध प्यायला. बघा, तुमचा रुमाल ओढतोय.

हालिमाखाला : ओढू दे. त्याचाच आहे तो.

मुनीसा : खाला, तुम्ही परत आलात कशा? मी तर तुम्हाला हुसकावूनच लावलं होतं.

हालिमाखाला : तुझ्यासाठी आले असं वाटलं की काय? रागानं फणफणत होते मी. पण सुमनकची वाटी काय उंबऱ्यावर ठेवून जायची असते? हातातच द्यावी लागते. हाका मारल्या, ओ नाही. म्हटलं, बाई, केवढा हा तोरा! दार ढकललं, तर तू पोत्याला टेकलेली आणि हा तुझ्या ओढणीत, मान टाकून.

मुनीसा : डोकं जड झालं, एवढंच आठवतं. वाटलं, झोप येतेय. मी त्याला आणखी घट्ट गुंडाळलं, खाला...

हालिमाखाला : पुरे आता. वाटी फुटली तेवढी. सासूची होती.

मुनीसा : नवी आणून देईन. शंभर आणीन.

हालिमाखाला : एकच आण. रिकामी मात्र आणू नकोस.

मुनीसा : आणि जर्दाळू?

हालिमाखाला : भिंतीकडची पोती ओलावलीत. ऊन पडलं की सगळ्या मिळून छपरावर पसरू. कुणी काही बोललं नाही तुला. पोराचंच विचारत होत्या सगळ्या.

मुनीसा : तो फोन द्या जरा. गावोगावच्या जर्दाळूवाल्या बायांचा गट आहे ना, त्यांना निरोप पाठवते.

हालिमाखाला : बोल. पण रडू नकोस, त्यांना कळायचं नाही काही.

मुनीसा : बायांनो, मी मुनीसा. आम्ही दोघं बरी आहोत, हालिमाखालांच्या कृपेनं. पाऊस अजून आहे, म्हणजे कुणी ना कुणी आजही शेगडी घेऊन गोदामाचं दार लावून बसली असेल. तुमच्या शेजारी असेल, तर फोन करत बसू नका. जाऊन बघा. हाक मारा. ओ आली नाही, तर दार ढकला. हातात काही नसलं तरी चालेल.