उपसरपंच तिघं, खुर्ची एक

...न्हाई, पन मी काय म्हन्तो, शब्द द्यायचा तं एकाला द्यावा ना मानसानं! तिघांना? एकाच खुर्चीसाठी तिघांना? तुमाला सांगतो, आमच्या सटवाजीनं हेच केलं. गावाचं सरपंचपद बायांसाठी सुटलं, सटवाजीची बायको सत्यभामाबाई उभी राहायचं ठरलं, अन् हा गडी दुसऱ्या दिवशीपासून असा चालायला लागला जसा काय समद्या शिवाराचा सातबारा ह्याच्याच नावावर चढला! उभी बायको, पन सरपंच आपुनच... सरळ हिशोब!

मंग काय, वैजनाथनं सेनगावला नेऊन मटन खाऊ घातलं... 'वैजनाथराव, उपसरपंच तुमीच!' शिवशंकर म्हन्ला, माझी जीप प्रचाराला घ्या... 'शिवशंकर, उपसरपंच तूच!' अन् हनुमाननं तं काहीच दिलं न्हाई हो, नुसतं 'साहेब' म्हन्ला. साहेब! जलमभर शेळ्यामेंढ्यांमागं फिरलेल्या मानसाला साहेब! जागच्या जागी विरघळला की... 'हनुमान, उपसरपंच तूच!'

अन् एका सकाळी तिघंबी एकदमच अंगनात हजर. बसले बाजेवर, एकमेकाकडं बघून राहिले. सटवाजीला घाम! कुनाला व्हय म्हनावं, कुनाला न्हाई? तेवढ्यात सून राजनंदिनी चहा घेऊन बाहेर आली. एमे झालेली पोरगी, देशोदेशीच्या बातम्या वाचती. म्हन्ली, "आत्याबाई, अमेरिकेत तं राष्ट्राध्यक्षाला उभा राहनारा मानूस मतदानाच्या आधीच सांगतो, माझ्यासंगं दुसरा मानूस, म्हंजी उपाध्यक्ष, ह्यो."

"कसा निवडतेत?" सत्यभामाबाईनं शेळीची धार काढता काढता इचारलं.

"लई तपासतेत! वकील बसवतेत. त्याची जमीन कुठं, भांडन कुनाशी, कवा काय बोलला, समदं उकरून काढतेत. अन् आपल्यासारखाच न्हाई घेत. आपुन म्हातारं तं दुसरा तरना, आपुन शहरातलं तं दुसरा खेड्यातला. जे लोक आपल्याला मत देत न्हाईत ते त्याच्या तोंडाकडं बघून येतेत."

"अन् एवढी तकलीफ काहून?"

"कारन पहिल्याला काही झालं, तं त्याच घडीला दुसरा त्या खुर्चीत बसतो."

सत्यभामाबाई थांबली. चरवी खाली ठिवली. म्हन्ली, "म्हंजी सोबती न्हाई निवडत. आपल्या माघारी कोन, ते निवडतेत." सही-अंगठ्यापुरती जी बाई उभी केली व्हती, ती हे बोलली! सटवाजीचं तोंड उघडं ते उघडंच!

अन् मंग पदराला हात पुसत ती तिघांपुढं आली. "उद्या मी मेले, तं तुमी काय कराल?"

ऐकलं का? हाय का असला सवाल कुनी इचारलेला? वैजनाथ लगेच उठला, "वहिनी, गावाच्या तोंडाशी तुमच्या नावाची कमान उभी करतो, कमान!" शिवशंकर तं रडलाच हो. खरं पानी डोळ्यात! "काकू, असं अभद्र बोलू नका..." अन् हनुमान? "आपुन काय बोलावं? साहेब हाईत ना, साहेब म्हन्तील तसं!"

सत्यभामाबाईनं सटवाजीकडं एकदा बघितलं. चपला घातल्या अन् निघाली. कुठं? वरच्या आळीला! गोजरबाईकडं! आता ही गोजरबाई कोन, तं ह्यांच्या शेळ्यांनी तिची तूर खाल्ली तवापासून ह्या घराशी बोलत न्हाई ती बाई. अन् अख्खी वरची आळी तिच्या शब्दावर चालती. सटवाजी मागून पळून राहिला, "अगं, तिच्याकडं काहून? इज्जत काढीन ती आपली!"

गोजरबाई ओट्यावर डाळ पाखडून राहिली व्हती. मान वर केली न्हाई.

"गोजरे, उद्या मी मेले तं गावाचं काय करशील?"

"आधी तुझ्या शेळ्या कोंडवाड्यात घालीन." सूप काही थांबलं न्हाई. "मंग टाकीखालची पाइपलाइन उकरीन. वरच्या आळीत थेंब येत न्हाई, गरवार बाया हंडे वाहून राहिल्यात. तुझ्यासाठी रडायला मला टाइम न्हाई भेटायचा."

"चल मंग. उपसरपंच तू."

आता सूप थांबलं. "मी तुझं ऐकनार न्हाई, सत्यभामा."

"म्हनूनच आले."

अन् तुमाला सांगतो, गोजरबाईनं पदरानं डोळे टिपले अन् म्हन्ली, "डाळीचा कोंडा गेला." सटवाजीचं तोंड उघडं ते उघडंच!

पुढं काय, तिघंबी फुगले अन् गेले समोरच्या पॅनलात. मटन गेलं, जीप गेली, 'साहेब' म्हननंबी गेलं! सटवाजी म्हन्ला, "बुडालो." जेवन जाईना त्याला. अन् मतमोजनीला बघतो तं वरच्या आळीची पेटी... पेटी कुठली, मशीन! मशीन उघडलं अन् जिथं ह्यांना कुत्रं इचारत न्हवतं तिथून मतांचा ढीग! सत्यभामाबाई सरपंच. गोजरबाई वरच्या आळीतून मेंबर, अन् पयल्या बैठकीत उपसरपंच. अन् तिथंच दोघींचं असं जुंपलं, असं जुंपलं! ही म्हन्ती रस्ता आधी, ती म्हन्ती पानी आधी. ग्रामसेवक बिचारा मधी बसून घाम पुसून राहिला. शेवटी पानीच आधी झालं. आज वरच्या आळीत नळाला धार हाय, जाऊन बघा!

परवा तालुक्याहून एक साहेब आले. पंचायतीच्या दारात सटवाजी उभा. साहेब अदबीनं म्हन्ले, "आपण सरपंचपती का? कामाचं आपल्याशीच बोलू ना?"

सटवाजीनं आत वाकून बघितलं. दोघी एका टेबलावर, दोघींचे आवाज चढलेले.

"न्हाई साहेब," म्हन्ला, "मी आपला मतदार. तुमीबी रांगेत बसा."