चौकीच्या दारावर लागलेल्या जाहीरनाम्याबाबत

माझे नाव चौकीच्या रजिस्टरात आहे. गल्लीत मला सगळे मास्तर म्हणतात, हवालदारही तेच म्हणतात. वय चोपन्न वर्षे, धंदा टेलरिंग, राहणार बाजारामागची गल्ली, पोलीस चौकीच्या अलीकडे, मध्ये एक बोळ सोडून. खाली दुकान आणि वर आम्ही दोघे राहतो. चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझ्या मामाच्या हाताखाली या दुकानात कामाला लागलो, त्याला आता एकतीस वर्षे झाली. मामा वारल्यापासून दुकान मी चालवतो. दुकानाची रुंदी बारा फूट आहे. आत दोन शिलाई मशीन, एक इस्त्री, मापांच्या एकतीस वह्या आणि कापड बेतायचे एक टेबल आहे. ते टेबल मामाने दुकानातच सुताराकडून बांधून घेतले असल्यामुळे दारातून बाहेर निघत नाही. हे लिहिण्याची गरज नाही असे हवालदारांनी सांगितले. मी लिहायला सांगितले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दारावर सरकारी जाहीरनामा क्रमांक एक लागला. सार्वजनिक प्रयोजनासाठी, म्हणजे बागेसाठी, माझी जागा घेतली जात असल्याचे त्यात होते. बारा फुटांत बाग कशी होणार असे मी कचेरीत विचारले, तेव्हा ‘छोटी’ असे उत्तर मिळाले. बाग खात्याची माणसे आली, पायरीसमोर खड्डा करून एक रोप लावून गेली. पुढे जाहीरनामा क्रमांक दोन लागला. बाग रद्द होऊन तीच जागा वाचनालयाला दिली गेली. वाचनालयवाल्यांनी ‘शांतता राखा’ अशी एक पाटी पाठवली. बाकी काही पाठवले नाही. पाटी मी इस्त्रीच्या वर लावली आहे. दोन्ही वेळा मी लेखी हरकत घेतली. एकाही हरकतीला उत्तर आले नाही.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता भूसंपादन कचेरीचे मोजणीदार दुकानात आले. वाचनालय रद्द झाले असून आता या जागेवर सार्वजनिक स्वच्छतागृह होणार आहे, असे त्यांनी सांगितले. जुना नकाशा बाग खात्याकडून वाचनालयाकडे जाताना हरवला होता, म्हणून पुन्हा मोजणी करायची होती. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापासून दुकानाच्या भिंतीपर्यंतचे अंतर आणि दुकानाची रुंदी, एवढेच जाहीरनाम्यात लिहितात. त्यावर नाव का टाकत नाही, असे मी विचारले. ते म्हणाले, “मास्तर, माणसं बदलतात. खांब बदलत नाही.”

मोजणीदारांची स्टीलची टेप नऊ फूट बाहेर येऊन अडकली. त्यांनी तिच्यावर फुंकर मारली, मग ती पायरीवर आपटली, तेव्हा ती नऊ फूट आतही जाईना. नंतर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “तुमच्या गळ्यात काय आहे?”

मी म्हणालो, “टेप.”

“मग अडलंय कुठं? तुम्ही मोजा. मी तोवर पंख्याखाली बसतो.”

माझी पत्नी तेव्हा काजे करत होती. ती म्हणाली, “घ्या. आपल्याच पायावर कुऱ्हाड, आणि तीही मोजूनमापून.”

तरीही मी मोजले. नाही म्हटले असते तर मोजणीदार दुसऱ्या दिवशी दुसरी टेप घेऊन आले असते. शिवाय दारात आलेल्या माणसाला माप नाही म्हणायची मला सवय नाही. पत्नी मापांची वही घेऊन बरोबर चालली. मी टेप जमिनीवर धरायचो, आकडा मोठ्याने सांगायचो, ती लिहायची. खांबापासून भिंतीपर्यंत साठ वेळा टेप टाकावी लागली, नंतर दुकानासाठी आणखी तीन वेळा. चहा पिऊन झाल्यावर मोजणीदारांनी वहीवरून बेरीज केली. अंतर तीनशे वीस फूट आणि रुंदी तेरा फूट असे त्यांनी आपल्या कागदावर उतरवले, माझी सही घेतली आणि ते गेले. आकड्यांबद्दल त्यांनी काही विचारले नाही. पंखा बरा आहे, असे म्हणाले.

चालू महिन्याच्या अकरा तारखेला सकाळी दहा वाजता कचेरीचे शिपाई खळीची बादली, जाहीरनामा क्रमांक तीन आणि शंभर फुटांची कोरी टेप घेऊन गल्लीत आले. मी पायरीवर उभा होतो. त्यांनी खांबापासून टेप तीन वेळा पुरी ताणली, तेव्हा ते बरोबर माझ्या भिंतीशी आले. मी पायरीवरून खाली उतरलो, कारण त्यांना दार लागेल असे मला वाटले. पण त्यांनी कागदात पाहिले आणि आणखी वीस फूट मोजत ते माझ्या दुकानावरून, बोळावरून पुढे जाऊन पोलीस चौकीच्या दाराशी थांबले. तिथे त्यांनी खळ लावून जाहीरनामा चिकटवला. पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांची बादली धरली होती. फरारी माणसाचा फोटो असेल असे आपल्याला वाटले, असे त्याचे म्हणणे आहे.

नियमाप्रमाणे शिपायांनी जाहीरनामा तीन वेळा मोठ्याने वाचला. येथील भोगवटादाराने तीस दिवसांत जागा मोकळी करून द्यावी, असे त्यात होते. कोठडीत एक सायकलचोर होता. त्याने आतून विचारले, “मी पण का?”

चौकीची पुढची खोली बारा फुटांची आहे आणि जाहीरनामा तेरा फुटांचा. त्यामुळे कोठडीतले एक फूटही सरकारजमा झाले. सायकलचोर त्या एका फुटात उभा राहून, आपण आता पोलिसांच्या ताब्यात नाही, असे सांगू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन अनोळखी इसम घाईने चौकीत येऊन ‘कुठल्या बाजूला?’ असे विचारून गेले. चौकीचे साहेब त्या वेळी टेबलाशी बसले होते.

अकरा तारखेला मी हसलो, हे खरे आहे. पत्नी हसली नाही. तिने दुकानाच्या दाराला आतून कडी लावली आणि टेबलापाशी बसून राहिली. थोड्या वेळाने तिने विचारले, “वाचलो का हो?”

आज सकाळी साहेबांनी मला, पत्नीला आणि मोजणीदारांना चौकीत बोलावले. मी जाणूनबुजून आकडे फुगवून सरकारी कचेरीची फसवणूक केली आणि आपली बला चौकीवर ढकलली, असे साहेबांचे म्हणणे पडले. माझी पिवळी टेप, एका टोकाची पत्र्याची पट्टी निघालेली, मुद्देमाल म्हणून जप्त झाली. ती बाजारात कुठेही मिळते, पण माझा हात तिच्यावर बसला आहे.

साहेब मला म्हणाले, “मास्तर, नीट विचार करून सांगा. चूक झाली म्हणालात, तर जाहीरनामा तुमच्याकडे सरकतो. मुद्दाम केलं म्हणालात, तर तुम्ही आमच्याकडे सरकता. कोठडीतलं एक फूट सोडून जागा आहे.”

मी विचार केला. खरे ते सांगतो.

मी मुद्दाम काही केले नाही. माझी टेप साठ इंचांची आहे. मी साठ वाचतो आणि चौसष्ट सांगतो. चोवीस असेल तर अठ्ठावीस सांगतो. मामाची शिकवण होती की कापड आटतं आणि माणूस वाढतो, म्हणून कोरे माप तोंडातून काढायचे नाही, चार इंच घालूनच बोलायचे. पहिल्या वर्षी मी तीनदा कोरे माप सांगितले आणि तीनही वेळा मामाने लाकडी पट्टी बोटांवर मारली. तेव्हापासून जिभेला तेच वळण आहे. जमीन आटत नाही हे मला माहीत आहे. पण ते मोजताना आठवले नाही.

पत्नीला विचारले असता तिने सांगितले, “ते चौसष्ट म्हणाले, मी चौसष्ट लिहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी ह्यांना कधी उलट विचारलंय का?” यातले शेवटचे वाक्य खरे नाही. बाकीचे खरे आहे.

साहेबांनी सवयीचा पुरावा मागितला. साहेबांच्या वर्दीच्या पँट नऊ वर्षांपासून मीच शिवतो. साहेब मापाला उभे राहत नाहीत, कंबर छत्तीस असे तोंडी सांगतात. मी चाळीस कापतो. आजवर एकही पँट परत आलेली नाही. हा मजकूर लिहू नका असे साहेबांनी हवालदारांना सांगितले, पण तोवर तो लिहून झाला होता. खाडाखोड केली तर जबाब बाद होतो, असे हवालदारांचे म्हणणे आहे. हवालदारांची स्वतःची कंबरही मला माहीत आहे. ती मी सांगितलेली नाही.

शुक्रवारी वरिष्ठांची पाहणी असून साहेबांची नवी वर्दी माझ्याकडे बेतून पडली आहे आणि टेप जप्त आहे, एवढे मी त्यांच्या कानावर घातले. धमकी म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मोजणीदार बाकावर बसले होते. ते म्हणाले, “साहेब, चूक दुरुस्त करायला शुद्धिपत्रक काढता येतं. वीस फूट मागं घ्यायचे. काम पाच मिनिटांचं आहे.”

त्या वेळी पत्नी उठली. ती मोजणीदारांना म्हणाली, “मागं कुठं घेता? मध्ये थांबा की. बोळ आहे ना तिथं.”

मोजणीदार म्हणाले, “बोळ कुणाचा आहे?”

“कुणाचाच नाही. म्हणून तर सगळे जातात. तुमचं जे काही सार्वजनिक प्रयोजन आहे ना, भाऊ, ते लोक त्या बोळात माझ्या लग्नाच्या आधीपासून उरकतायत. जिन्याच्या खिडकीला मी उगाच जाड पडदा लावलाय का? त्यांना निदान दार आणि पाणी द्या.”

हवालदार म्हणाले, “वहिनींचं बरोबर आहे. आम्हीही तिकडंच...” आणि थांबले.

साहेबांनी लगेच कचेरीत फोन लावला. माझ्या दोन हरकतींना दोन वर्षांत उत्तर आले नव्हते. साहेबांच्या फोनला वीस मिनिटांत आले. तीनशे बारा ते तीनशे वीस फूट एवढी जागा पुरेशी आहे, आणि मूळ मोजणी सवयीमुळे चुकली असा माझा जबाब जोडल्यास सोमवारी शुद्धिपत्रक निघेल, असे कचेरीने कळवले. सायकलचोराला त्याचे एक फूट सोमवारपासून पुन्हा कोठडीत धरले जाईल असे सांगितले. त्याने हरकत घेतली. हरकत लेखी द्यावी, असे मी त्याला सुचवले.

दुपारी दोन वाजता बोळ मोजला. टेप कचेरीच्या शिपायांनी धरली. साहेबांच्या हुकमाप्रमाणे मी हात मागे बांधून चौकीच्या पायरीवर उभा होतो. बोळ आठ फूट भरला. मोजणीदारांनी “किती?” असे विचारले आणि शिपायांनी तोंड उघडण्याआधी मी “आठ फूट चार इंच” असे म्हणालो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. साहेब म्हणाले, “मास्तर, सोमवारपर्यंत तुम्ही कुठलाही आकडा बोलायचा नाही.” मोजणीदारांनी आठ फूट लिहिले. ते मी वाकून, चष्मा लावून पाहिले आहे.

टेप मला सही घेऊन परत मिळाली. साहेबांची पँट गुरुवारी संध्याकाळी तयार होईल. कंबर त्यांनी सांगितलेलीच धरली आहे.

जबाब हवालदारांनी माझ्या आणि पत्नीच्या समोर मोठ्याने वाचला. अर्ध्यावर ते थांबले, मागे गेले आणि बोटांवर काही मोजू लागले. नंतर म्हणाले, “मास्तर, एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलात, त्याला एकतीस वर्षं झाली. म्हणजे पन्नास होतात. तुम्ही चोपन्न सांगितलंत.”

मी पन्नास वर्षांचा आहे. ते तोंडातून तसे निघाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. हवालदारांनी खोडायला पेन उचलले, तेव्हा पत्नी म्हणाली, “राहू द्या हो, खाडाखोड नको. अजून चार वर्षांनी ह्याच दुकानात बसून चोपन्नचे होतील. तेव्हा जुळेल.”

सबब वय तसेच ठेवले आहे. ते सोडून बाकी मजकूर मी सांगितला तसाच उतरला आहे, मी तो कान देऊन ऐकला आहे, आणि त्यात माझ्याकडून कुठेही चार इंच जास्त घातलेले नाहीत. खाली सही करतो.