बादली आज मिळणार नाही

— नाही, बादली मिळणार नाही, ते मी तुम्हाला दारातच सांगितलं. पण आत आलाच आहात तर पाय जपून टाका. ते पातेलं चुकवा. त्याच्या पलीकडे वाटी, वाटीच्या पलीकडे फुलदाणी, आणि तुम्ही जी मागायला आलात ती बादली पलंगाच्या पायथ्याशी — दिसली? अर्धी भरली आहे. परवाच्या एका पावसाचं पाणी आहे ते. अकरा भांडी अडकली आहेत माझी, आणि जागा केवढी? सतरा फूट लांब, सात फूट रुंद, खाली दोन चाकं, पुढे गाडीला जोडायचा आकडा. स्वयंपाकाला एक तवा उरला आहे. काल मी तव्यात दूध तापवलं. हसू नका. बरं, हसा, मीही सकाळपासून हसते आहे, आणि मला हसताना पाहिलेली माणसं फार नाहीत — मी मुख्याध्यापिका होते, बाई हसतील की नाही यावर मुलं पैजा लावायची, आणि ‘हसतील’वर लावणारा दर वर्षी हरायचा. आज असता तर जिंकला असता. का, म्हणून विचारा. नका विचारू, मीच सांगते. आज चार वाजता माझा धाकटा भाऊ येतो आहे, मीच पत्र घालून बोलावलं आहे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत मी हे पाणी कुठून येतं ते सिद्ध करणार आहे. चार वर्षांनी! तुम्ही शेजारच्या ट्रेलरमधले ना? परवाच आलात या मैदानावर? म्हणजे त्याला ओळखत नाही, मलाही ओळखत नाही. उत्तम. मला असाच त्रयस्थ हवा होता. कपडे भिजत पडलेत? पडू द्या. भिजून कपड्यांचं बिघडत नाही, बिघडतं लाकडाचं. बसा — तिथे नको, ती गादी ओली आहे.

खडूची वर्तुळं बघताय? ती माझी. जिथे ओल दिसली तिथे वर्तुळ, वर्तुळात तारीख. हे कपाटातलं पहिलं. आठवड्यानं हे, पलंगावरचं. मग दिव्याच्या काचेत पाणी साठलं — दिव्यात हो! — आणि दिवा मत्स्यालयासारखा दिसू लागला. एकदा चपलांच्या खणात पाणी निघालं. वरून कुठेही थेंब नाही, खण बंद, चपला तरंगताहेत. मी चिडले का? नाही. कामाला लागले. आधी म्हटलं, नळाचं पाणी असेल, म्हणून टाकीत निळी शाई ओतली. गळेल तिथे निळं दिसेल, साधा तर्क. दिसलं का निळं? कुठेही नाही. म्हणजे नळ निर्दोष. पण शाई ओतल्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरले, त्याच पाण्यानं दात घासले, आणि तशीच प्रार्थनेला गेले. पुढच्या रांगेत बसले. प्रार्थना सांगायची पाळीही माझीच. मी तोंड उघडलं की समोरची माणसं माना खाली घालायची — मला वाटलं, काय ही भक्ती! शेवटी दारात एका म्हाताऱ्या बाईंनी हातात आरसा दिला. निळे, हो. पुढचे सगळे. जिभेसकट. इतके दिवस हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. आनंदानं माणसाची जीभ सैल होते, त्याला इलाज नाही.

मग तीन मेकॅनिक झाले. पहिल्यानं खिडक्यांच्या कडा भरल्या, दुसऱ्यानं छताला काळा थर दिला, तिसऱ्यानं तासभर शिडीवर उभं राहून सुस्कारे टाकले. आणि तिघांचं म्हणणं काय? ‘बाई, दारावरची ती पाटी जरा काढून बघू.’ तिघांनाही पाटीच दिसली! आत येताना तुमच्या डोक्यावर होती ती पितळी — ‘हे घर देवाचे, आपण पाहुणे.’ मी तिघांनाही एकच उत्तर दिलं: देवाच्या नावाला हत्यार लावायचं नाही, दुसरीकडे शोधा. नाचता येईना अंगण वाकडं! चार वर्षं मी रोज त्या पाटीला हात लावून बाहेर पडते. तिला दोष देणाऱ्याचं मी ऐकून घेतलं, एवढंच पुष्कळ झालं.

आणि शोधायचं कशाला? दोष कुठे आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. छताचा पत्रा आणि भिंतीचा पत्रा जिथे मिळतात ना, ती शिवण. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत दुमडून ठोकायच्या, त्याला ही मंडळी शिवण म्हणतात. ती केली कुणी? माझ्या भावानं. हा सगळा ट्रेलर त्यानंच केला आहे — आठ महिने, आपलं काम आटोपून संध्याकाळचा शेडमध्ये खपायचा — मी निवृत्त झाले तेव्हा भेट म्हणून. हो, भेट. भेट म्हणून दोष झाकायचा का? पहिली ओल दिसली, मी त्याला विचारलं. तो म्हणाला, “आईशपथ सांगतो ताई, माझ्या शिवणीतून थेंब जायचा नाही.” आईशपथ! आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. पुढे सगळं घर एकत्र जेवायला जमलं, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं: तुझ्या कामात खोट आहे आणि तुझ्या शपथेतही. चौदा माणसं होती पंक्तीला. तो काही बोलला नाही. ताट तसंच ठेवून उठला, बाहेर जाऊन ट्रेलरपाशी उभा राहिला, थोडा वेळ वर बघत होता, मग गेला. आलाच नाही पुन्हा. राग? मला राग नव्हता. मी जे खरं ते बोलले. त्यानंतर त्याच्याकडून असाच ट्रेलर करून घ्यायचा म्हणून दोघं जण चौकशीला आले, त्यांनाही खरं तेच सांगितलं: गळतो. मी खोटं बोलत नाही. ते गेले, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं असेल. सख्खी बहीणच म्हणते म्हटल्यावर — आता त्याची शेड बंद आहे. दुसऱ्याच्या कारखान्यात पत्रे कापतो. त्यात माझा काय — नाही, ते राहू द्या. सव्वातीन झाले. तो यायच्या आत भेग शोधून ठेवू. उठा.

ही किटली घ्या. चहा नाही, साबणाचं पाणी आहे. थेंबांखालून हीच तेवढी मोकळी झाली. आणि हा ब्रश. छताच्या खिडकीत मी पंखा बसवला आहे, तो बाहेरची हवा आत कोंडतो; बाकी सगळी छिद्रं चिकटपट्टीनं बंद. आता दार लावलं की हा ट्रेलर म्हणजे फुगवलेला फुगा. हवा बाहेर पडायला वाट शोधणार, आणि आपण बाहेरून साबण लावत गेलो की जिथे भेग तिथे बुडबुडा. सोपं आहे की नाही? हे मला त्या सुस्काऱ्यांच्या मेकॅनिकनं जाता जाता शिकवलं. चला बाहेर. दार ओढून घ्या. पंखा लागला, ऐकू येतंय? बघा, दाराचं रबर कसं फुगलं! एखादं गाणं म्हणावंसं वाटतं आहे मला. काळजी करू नका, म्हणत नाही.

तुम्ही उंच आहात, तुम्ही स्टुलावर चढा, मी धरते. मागून सुरुवात करा. शिवणीवर सावकाश लावा, भरपूर. काही दिसतं? नीट बघा. नाही? पुढे सरका. हा कोपरा तर नक्की — नाही? बरं, छतावरून उतार याच बाजूला आहे, इथे असणार. जास्त साबण घ्या. फेस आहे तो, तो चालत नाही, बुडबुडा वाढत जायला हवा. ओ, बघा बघा — नाही, तो तुमच्या ब्रशनं उठवलेला फेस. तुमच्या मंडळी हाक मारताहेत? हात हलवा, म्हणजे त्या समजतील. आता ही बाजू. स्टूल सरकवते. पाच फूट. दहा फूट. एकही नाही? काय ठोकलंय हो या मुलानं! केस जायला जागा नाही. म्हणजे — म्हणजे मी कौतुक करत नाही, निरीक्षण नोंदवते आहे. पंखा चालू आहे ना? चालू आहे. उरली दारावरची बाजू. तिथेच असणार; शेवटच्या पानावरच उत्तर असतं. लावा. जपून, किटली तिरपी — अहो, पाटीवर सांडलं! पुसा. पुसा म्हणते ना, देवाचं नाव आहे ते! रुमाल घ्या हा —

थांबा.

पुसू नका.

तो काय आहे? कोपऱ्यातल्या स्क्रूपाशी. मोठा होतो आहे. अय्या, किती सुंदर आहे हो, रंग बघा त्याचे! लिंबाएवढा झाला. फुटला. दुसरा आला. खालच्या कोपऱ्यातही! चारही! अहो, पाटीला फेस आला! माझ्या पाटीला — चार वर्षं — तीन मेकॅनिक, निळे दात, अकरा भांडी — मला धरा जरा, नाहीतर तुम्हीच पडाल, स्टूल मी धरलंय — हसून हसून पोटात दुखायला लागलं हो.

पाटी आईची. तिच्या दारावर होती. ती गेल्यावर धाकटा म्हणाला, “ताई, पाटी तू घे.” स्वतःसाठी त्यानं काहीच मागितलं नाही, ही पाटीसुद्धा नाही. आणि ट्रेलर माझ्या स्वाधीन करताना एवढंच म्हणाला होता, “पाटी लावायची असेल तर मला सांग, खाली रबर घालावं लागतं.” मी सांगितलं का? नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना केली, स्टुलावर चढले, आणि स्वतःच्या हातानं त्याच्या पत्र्याला चार भोकं पाडली. इतकं पवित्र काम करताना चुकेल कशी मी! तिथून पाणी आत शिरतं, वरच्या लाकडी दांडीवरून मागे वाहत जातं, आणि मन मानेल तिथे टपकतं. आणि त्या दिवशी पंक्तीतून उठून तो इथे, या दारापुढे, उभा होता. वर बघत होता. शिवण तर तिकडून तिकडे गेली आहे हो, सगळी पाहायची तर चालावं लागतं. तो चालला नाही. एका जागी उभा राहून बघत होता. इथे. बरोबर इथे.

त्यानं पाहिलं होतं.

आत येऊन एक वाक्य बोलायचं होतं. चौदा माणसांत माझं तोंड उतरलं असतं. म्हणून तो बोलला नाही. आणि मी त्याचं मौन कबुली म्हणून धरलं, दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि त्याला शेड बंद करायला लावली. मी खोटं बोलत नाही, म्हणाले ना मघाशी? ऐकलंत तुम्ही.

चारला दहा मिनिटं आहेत. चार स्क्रू काढायचे, भोकांत पुट्टी भरायची, पाटी आत नेऊन ठेवायची. काही झालंच नसल्यासारखं ‘गळती थांबली बाई एकदाची’ म्हणायचं. पाच मिनिटांचं काम. तुम्ही तर उद्या-परवा निघालच. पुट्टी या बाहेरच्या खणात आहे, मला आत्ता दिसते आहे. तुम्ही माझ्याकडे असे बघू नका. मी हे बोलते आहे, करत नाही. शाळेत एखाद्या मुलाला खोटं बोलताना पकडलं की मी त्याला एकच विचारायची: कुणाला फसवतोस? तो म्हणायचा, तुम्हाला. मी म्हणायची, चूक, पुन्हा सांग. दुसरं उत्तर यायला कधी कधी दुपार व्हायची.

गाडी वाजली. तोच. लवकर आला, लहानपणापासून वेळेआधी येतो. नाही, तुम्ही जायचं नाही, ब्रश खाली ठेवायचा नाही. त्याचा दोष पाहायला तुम्हाला थांबवून घेतलं होतं, माझा निघाला म्हणून साक्षीदाराला सुट्टी नसते. पंक्तीतल्या चौदांच्या जागी आज तुम्ही एक आहात, त्या सगळ्यांना मी पत्रं लिहीन. त्या दोघांनाही. आणि पुन्हा साबण लावा, ताजा पाहिजे. केस किती पिकले हो याचे. हत्यारांची पेटी आणली आहे. काखेत काहीतरी काळं गुंडाळलेलं —

ये रे. आत नको, इथेच थांब. बोलू नकोस, मला आधी बोलू दे, नाहीतर मला जमायचं नाही. वर बघ. तुझ्या शिवणीवर या गृहस्थांनी सगळीकडून साबण लावला, एक बुडबुडा आला नाही. पाटीच्या कोपऱ्यात तो मोठा दिसतोय? तो माझा आहे. बाकीचे तीनही माझे. तुझी शपथ खरी होती. माझंच बोलणं खोटं होतं, पंक्तीतलंही आणि तुझ्या गिऱ्हाइकांपुढचंही. हसतोस काय? मोठ्या बहिणीला हसतोस? आणि हे काय आणलंस? उलगड बघू.

रबर.

लांबी बरोबर आहे. रुंदीही. चार कोपऱ्यांना चार भोकं पाडून आणली आहेत — कधी कापलंस हे? कडा झिजल्यात याच्या. किती दिवस ठेवलं होतंस रे —

तुम्ही अजून स्टुलावरच? उतरा. आत जा, ती बादली उचला, पाणी त्या झाडाला ओता, आणि घेऊन जा तिला. आज नको, उद्याही परत आणू नका. जा म्हणते ना.