पाटावरची जागा

— नाय नाय, तुमी बोलू नका महाराज, तुमचं मौन हाय, शिष्यानं सांगितलं मला. पायाला तेल लावायची परवानगी दिलीय, तेवढं लावते नि जाते. सफाळ्याला तुमचा मांडव घातलाय कळलं, तशी बोईसरहून आले. किती सुजलेत हो पाय! बसायचं नाय, आडवं व्हायचं नाय, झोपसुदीक त्या झोक्यावर छाती टेकून, उभ्या उभ्याच — कसलं हे आसन घेतलं? पलीकडं ते म्हातारे महाराज मांडी घालून बसलेत निवांत, तेबी तपच करतात की. बसायचं आसन नसतं होय घेता आलं?

माझा नवरा कंपनीत होता. अख्खी पाळी मशीनपुढं उभा. घरी आला की दारातनंच म्हणायचा, गोजरा, पाट टाक गं, बसू दे जरा. बसला की भिंतीला डोकं टेकून तसाच झोपायचा, ताट निवून जायचं — मी कधी उठवलं नाय. कुठं गेला? गेला साधूंच्या मागं, आन् — हा बघा, अंगठा आखडला! गुदगुल्या झाल्या की असाच आखडायचा. चारचौघं महाराज म्हणतात म्हणून मीबी म्हणतेय, पण अहो, हे पाय विसरेन होय मी?

भांडायला आलेली नाय. आपल्या प्रियदर्शिनीचं लग्न ठरलंय, पालघरला हॉलबी घेतलाय. कन्यादानाला जोडीनं बसावं लागतं — भटजी म्हणाले, नवरा जिवंत असताना एकटीला नाय बसता येणार. घटकाभर या. माझ्या शेजारी पाटावर बसा, पोरीचा हात देऊ, मग जन्मभर उभे राहा, मी अडवणार नाय. फार एकटं वाटतं हो. लग्नघरात तर जास्तीच, एवढी माणसं असतात ना. बोलू नका, नुसती मान हलवा. एवढा पाय चोळून होईस्तोवर थांबते मी.

डोळे मिटलेत. बरं.

खंडेराव भावजी नि त्यांची बायको नर्मदा बसतील पाटावर. मी मागं उभी राहीन. तुमच्याएवढं नाय, पण तेवढा वेळ जमेल मला. — हो हो, झाले बाजूला, मागं रांग हाय, दिसतंय मला. तेलाची बाटली इथंच ठेवते. पोटऱ्यांना लावून घ्या कुणाकडनं तरी.