बेडकाचा तिसरा कप्पा

वकीलबाई: हे तुम्ही तिसऱ्यांदा सांगताय. चोरी झाली, हे मला पहिल्याच फेरीत कळलं. आता एवढंच सांगा, दावा जिंकलात तर तुमच्या पदरात काय काय पडणार असं धरून चाललाय?

प्रकाशक: धरून कशाला, हिशेबच केलाय मी. त्याचा छापलेला सगळा माल जप्त. वर नुकसानभरपाई. वर्तमानपत्रात चौकटीत माफी, त्यात माझं नाव ठळक, त्याचं बारीक. आणि पुढच्या हंगामात प्रवेश परीक्षेचं विज्ञानाचं गाईड बाजारात एकच. माझं.

वकीलबाई: आणि जाणार काय?

प्रकाशक: जाणार? तुमची फी, दुसरं काय!

वकीलबाई: ती तुमच्या खिशातून?

प्रकाशक: नाही, म्हणजे... ते ताई बघतेय. ही माझी थोरली बहीण. ताई, अगं पुढे ये ना. दाराशी काय बसलीस कुरिअरवाल्यासारखी?

ताई: मी इथे बरी आहे. पंखा लागतोय.

प्रकाशक: तिची एक ठेव आहे, मुलीच्या नावाची. पडूनच होती. म्हटलं, ताई, पैसा पडून राहिला की गंजतो. भरपाई मिळाली की दीडपटीने परत करतो. पोरीचंच भलं आहे त्यात.

वकीलबाई: तुमच्याकडे स्वतःचे पैसे नाहीत?

प्रकाशक: आहेत ना. ते धंद्यात आहेत.

वकीलबाई: बरं. याआधी कुणा वकिलाला भेटलात?

प्रकाशक: एकाला भेटलो. आमच्याच इमारतीत बसतो. घरमालक-भाडेकरू बघतो तो. मी म्हटलं कॉपीराइट, तर त्याने विचारलं, किती वर्षं राहताय? उठलोच तिथून. मग कुणीतरी तुमचं नाव घेतलं. म्हणाले, पुस्तकांच्या भांडणात यांनी केस पांढरे केलेत. जरा महाग आहेत आणि तोंडाने तिखट आहेत.

वकीलबाई: दोन्ही खरं आहे. गाईड कोणी लिहिलं?

प्रकाशक: मुखपृष्ठावर नाव आहे की.

वकीलबाई: तुमचं नाव मला वाचता येतं. लिहिलं कोणी?

प्रकाशक: दोन मास्तर आहेत, निवृत्त. घरी बसून कंटाळले होते बिचारे. मी म्हटलं, लिहा. तेवढाच तुमचा वेळ जाईल.

वकीलबाई: त्यांच्याकडून हक्क लिहून घेतलेत?

प्रकाशक: पाकीट दिलं ना. चहा दिला. एकाला तर घरी सोडलं माझ्या गाडीतून.

वकीलबाई: गाडीत बसल्याने हक्क तुमच्याकडे येत नाही. तो कागदावर लिहून, सही करून द्यावा लागतो. तो कागद नसेल, तर ज्याने लिहिलं त्याचं पुस्तक. म्हणजे तुमचं काही चोरीला गेलेलंच नाही. मास्तरांचं गेलंय. दोनदा.

प्रकाशक: दोनदा कसं?

वकीलबाई: घरी जाऊन विचार करा.

प्रकाशक: अहो, उद्या सह्या आणतो की! म्हातारे आहेत, सांगाल तिथे सही करतील. चष्माही लावणार नाहीत. पण तो हरामखोर! काल-परवापर्यंत माझ्याकडे पुस्तकं शिवत होता हो तो. हाताला खळीचा वास. आणि आज म्हणतो, मी प्रकाशक! आमच्या धंद्यात हल्ली कुणीही घुसतं. ना अभ्यास, ना तत्त्व.

वकीलबाई: तत्त्वाचं नंतर बघू. ही तुमची प्रत, ही त्याची. पाणी शंभर अंशांना उकळतं, हे दोन्हीकडे आहे. यावर कुणाची मालकी नाही. तो म्हणेल, विज्ञान सगळ्यांचं सारखंच, मीही शाळेच्या पुस्तकावरून लिहिलं. तुमचंच उतरवलं, हे कसं दाखवणार?

प्रकाशक: हां! आता आलात माझ्या मुद्द्यावर. ताई, ऐक गं, तुझा भाऊ काय चीज आहे ते. मॅडम, मी सापळा लावलाय.

वकीलबाई: कसला?

प्रकाशक: चुकांचा. प्रत्येक आवृत्तीत, छापायला जाण्याआधी, शेवटच्या रात्री मी एकटा बसतो आणि काही उत्तरं बदलतो. मुद्दाम. मास्तरांनाही पत्ता नसतो. पाण्याची घनता सर्वांत जास्त असते चार अंशांना, मी केलं सहा. मोठ्या माणसाच्या अंगात हाडं दोनशे सहा, मी छापली दोनशे नऊ. बेडकाच्या हृदयाला कप्पे तीन, मी ठेवले दोन. अशा अकरा जागा आहेत. तोंडपाठ आहेत मला. आता त्याचं पुस्तक उघडा. सहा अंश! दोनशे नऊ हाडं! बेडूक बघा, बेडूक!

वकीलबाई: बघितला. त्याच्याकडेही दोनच.

प्रकाशक: मग! आंधळ्यासारखं उतरवलंय गाढवाने. डोकं वापरलं असतं तर सुटला असता. पण डोकं आणायचं कुठून?

वकीलबाई: पुरावा म्हणून चांगला आहे. तुमच्यासारख्या माणसाकडून इतका चांगला पुरावा मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रकाशक: आभारी आहे.

वकीलबाई: आभार मानू नका. हा पुरावा असा आपोआप उभा राहत नाही. तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून शपथेवर सांगावं लागेल, की बरोबर उत्तर मला माहीत होतं आणि मी चुकीचं छापलं. मग समोरचा वकील उठेल. तो विचारेल, हे गाईड कोण विकत घेतं?

प्रकाशक: पोरं घेतात. हजारो. गेल्या हंगामात तर...

वकीलबाई: आकडा सांगू नका, तोच विचारेल. मग विचारेल, मुखपृष्ठावर हे जे छापलंय, ‘शंभर टक्के अचूक’, ते कोणी लिहिलं?

प्रकाशक: ती जाहिरात आहे हो. साबणाच्या वडीवरही काहीबाही लिहिलेलं असतं.

वकीलबाई: साबणाचा पेपर द्यायचा नसतो. पोरांचे मार्क जातील, हे तुमच्या मनात आलं नाही?

प्रकाशक: अहो, अकरा जागा! अडीचशे पानांत! आणि पोरं काय, वाचतात थोडीच? घोकतात. एका कानातून घालतात, पेपरात ओकतात, विसरतात. एखादा मार्क इकडेतिकडे झाला तर जग बुडत नाही. धंदा वाचवायचा तर थोडं नुकसान धरूनच चालावं लागतं.

वकीलबाई: तुमचं नव्हे, त्यांचं.

प्रकाशक: तुम्ही माझ्या वकील आहात की त्याच्या?

वकीलबाई: अजून कुणाचीच नाही.

ताई: बेडकाला दोन कप्पे, हे तू घातलंस?

प्रकाशक: मग काय सांगतोय मघापासून? मीच. डोकं आहे की नाही?

ताई: पुस्तकात होतं, दोन.

प्रकाशक: होतं म्हणूनच तर तो अडकला!

ताई: तो नाही रे. चिंगी.

प्रकाशक: चिंगीचं काय इथे?

वकीलबाई: चिंगी कोण?

ताई: माझी मुलगी. नर्सिंगला जायचं होतं तिला. याच्याच गाईडवरून केला अभ्यास. यानेच दिलं होतं, वाढदिवसाला. वर लिहून, ‘मामाकडून’. शाळेतल्या बाई तीन कप्पे सांगत होत्या. ती घरी येऊन म्हणाली, आई, बाईंचं चुकतंय. मी म्हटलं, बाई कशा चुकतील? तर म्हणते, मामाच्या पुस्तकात छापलंय. मामा छापताना चार वेळा तपासतो.

प्रकाशक: तपासतोच की. अगं ताई...

ताई: पेपरात बेडूक आला होता.

प्रकाशक: आता पेपरात नेमका बेडूकच येणार, हे मला काय स्वप्नात दिसलं होतं?

ताई: हाडंही आली होती. घरी येऊन सांगत होती, अख्खा पेपर पाठ होता, आई. दोनशे नऊ, बोटं मोडून मोजल्यासारखं म्हणून दाखवलं तिने मला. आणि ते पाण्याचं?

प्रकाशक: ते मला आठवत नाही.

ताई: तिला आठवेल. मी विचारेन.

वकीलबाई: किती मार्कांनी हुकली?

ताई: दोन.

वकीलबाई: हं.

प्रकाशक: हे बघ, उगाच रडगाणं लावू नकोस इथे. दोन मार्क दुसरीकडे मिळवायला काय झालं होतं? शंभर प्रश्न होते. एका बेडकावर अख्खी नर्स उभी राहते का? पोरगी मुळातच जरा मंद आहे, हे मी तुला आधीपासून सांगतोय.

ताई: सांगतोयस. तिच्यासमोरही सांगतोस. गठ्ठे बांधताना.

वकीलबाई: कसले गठ्ठे?

ताई: पुस्तकांचे. नंबर हुकल्यावर हा म्हणाला, घरी बसून काय करणार, माझ्याकडे ये. वर्ष झालं. सुतळीने तिची बोटं कापलीत. कुणी गिऱ्हाईक आलं की हा सांगतो, ही माझी भाची. गाईड मामाचं, आणि स्वतःच नापास! मग सगळे हसतात. तीही हसते.

प्रकाशक: ते मस्करीत म्हणतो गं मी. पगार देतो ना?

ताई: देतोस. मी आभार मानले होते तुझे.

वकीलबाई: एक विचारते. पुस्तक भाचीला देताना त्या अकरा जागा तुम्हाला ठाऊक होत्या. पेनने दुरुस्त करून द्यायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

प्रकाशक: वेळेचा प्रश्न नाही, मॅडम. गुप्ततेचा आहे. पोरीच्या पोटात काही राहतं का? तिने मैत्रिणीला सांगितलं असतं, मैत्रिणीने दुसरीला. उद्या तो शिवणारा सावध झाला असता. सापळा लावायचा आणि घरच्यांना सांगायचा, तर तो सापळा कसला?

वकीलबाई: म्हणजे विचार केला होतात.

प्रकाशक: केला होता ना. मी काही बेजबाबदार माणूस नाही.

वकीलबाई: नाही. बेजबाबदार माणसाकडून हे चुकून होतं.

प्रकाशक: तुमच्या बोलण्याचा सूर मला आवडलेला नाही. मी इथे चोर पकडायला आलोय. माझ्याच अंगाला चोराचा वास येतोय, असं बघताय तुम्ही.

वकीलबाई: तीस वर्षांत माझ्यासमोर या खुर्चीत पुष्कळ चोर बसले. कुणी गाण्याची चाल उचलली, कुणी चित्र, कुणी अख्खं पुस्तक. पण त्यांना निदान वस्तू चांगली लागायची. चांगली वस्तू स्वतःच्या हाताने नासवून, मग ती चोरीला गेली म्हणून रडत येणारे तुम्हीच पहिले.

प्रकाशक: घेणार आहात की नाही केस?

वकीलबाई: नाही.

प्रकाशक: नका घेऊ! वकील काय, ढिगाने पडलेत.

वकीलबाई: पडलेत. त्यांतला जो कोणी घेईल, त्याला बेडूक पहिल्याच दिवशी सांगा. त्याला तो कोर्टात कळू नये. आणि पुढची आवृत्ती छापायच्या आधी त्या अकरा जागा सुधारा. त्याला वकील लागत नाही.

प्रकाशक: चल गं ताई. बघू दुसरा कुणीतरी. ठेवीचे कागद आणलेस ना ते नीट ठेव.

(ताई मांडीवरची पिशवी उघडत नाही. तिचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळून घेते.)

ताई: मॅडम, परीक्षा परत देता येते का हो? वयाचं काही असतं का?

वकीलबाई: मुलगी किती वर्षांची?

ताई: एकोणीस पूर्ण.

वकीलबाई: भरपूर वय आहे. फॉर्म कधी निघतात त्याची चौकशी करून ठेवा. आणि शाळेतल्या त्या बाईंना भेटायला सांगा तिला.

ताई: ठेव तिच्या शिक्षणालाच लागेल मग. ती काही पडून नव्हती. वाट बघत होती.

प्रकाशक: अगं, असं एकदम काय करतेस? आपलं ठरलं होतं! उद्या तीन दुकानांचा माल जायचाय, त्याचं काय? ती येणार आहे ना उद्या?

ताई: नाही.

प्रकाशक: मग गठ्ठे कोण बांधणार?

ताई: तू. हात आहेत ना? मोजून बघ एकदा. तू छापलेले असतील तर भरवसा नाही.

प्रकाशक: बघितलंत मॅडम? रक्ताची बहीण! एका बेडकापायी!

वकीलबाई: तुमची वेळ संपली. आजच्या सल्ल्याची फी बाहेर टेबलावर भरा. पावती मिळेल.

प्रकाशक: सल्ल्याची? केस घेतली नाही, आणि फी?

वकीलबाई: सल्ला दिला ना. दुरुस्ती करा म्हणून. या महिन्यात मी दिलेला हा सगळ्यात चांगला सल्ला आहे.

प्रकाशक: ताई, आता एवढी तरी देऊन टाक. माझं पाकीट गाडीत राहिलंय.

ताई: जा, घेऊन ये. आमच्या घरातून भरून झालीय. गेल्या वर्षीच.